मदत हवी आहे: नवशिक्यांचा ओव्हरहेड प्रेस ३० किलोवर अडकतोय

नवीन मुलामुलींना आठवड्यातून तीन दिवस, स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक) आणि प्रेस (उभं राहून बार खांद्यापासून डोक्यावर ढकलणं), दोन्हींचे ५ रेप्सचे (सलग पाच वेळा) ३ सेट, असा साधा कार्यक्रम दिलाय. पहिल्या काही आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते. ती वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते: जास्त स्नायूतंतू एकदम कामाला लागतात, हालचाल सफाईदार होते. स्नायूंचा आकार दिसण्याइतका वाढायला वेळ लागतो. (आरशात फरक दिसत नाही म्हणून प्रोटीन पावडर बदलणारे याच टप्प्यावर भेटतात!)

अडचण प्लेट्सची आहे. जिममधली सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून एकदम ५ किलो वाढतात. ८० किलोच्या स्क्वॉटला ही उडी जेमतेम ६ टक्के. ३० किलोच्या प्रेसला जवळजवळ १७ टक्के. मग दुसऱ्या सेटलाच कंबर मागे वाकते, बार चेहऱ्यापासून लांब जातो, तिसरा सेट अर्धवट राहतो. दोन सेट्सच्या मध्ये तीन-चार मिनिटं विश्रांती, झोप, खाणं हे तपासून झालंय.

सध्या तेच वजन ५ वरून ८ रेप्सपर्यंत नेऊन मग वाढवतोय. चालतं, पण हळू.

अर्धा किंवा सव्वा किलोच्या प्लेट्स कुणी लोहाराकडून किंवा लेथवर करून घेतल्यात का? भोक किती मिलिमीटरचं ठेवलंत? आमचा बार साधा, जाड स्लीव्हचा (प्लेट्स बसतात ते टोकाचं नळकांडं) नाही. मनगटाला बांधायची वजनं बारवर गुंडाळली तर सरकतात का?