शब्दचर्चा: आरोग्य पाहणीतले 'ऑपरेशन', 'संमती', 'चूल' आणि 'उचल'

विचारणा, छत्रपती संभाजीनगर

विद्यापीठातल्या आरोग्य धोरण केंद्रासाठी एका पदाची जाहिरात मराठीत लिहायची आहे. इंग्रजीतलं नाव 'रिसर्च ऑपरेशन्स कोऑर्डिनेटर'. प्रस्ताव नैतिकता समितीपुढे ठेवणं, प्रश्नावली मराठीत आणणं, अन्वेषक (घरोघरी जाऊन प्रश्न विचारणारे) निवडून शिकवणं, गावोगावची पाहणी वेळेत उरकणं, गाड्या-मुक्काम-मानधनाचा हिशेब लावणं आणि जमलेली माहिती तपासून पुढे देणं, असं सगळं काम त्यात येतं. मसुद्यात 'संशोधन परिचालन समन्वयक' असं आहे. ते बरोबर वाटतं का? दुसरं, अन्वेषकांच्या हाती द्यायला शब्दांची यादी करायची आहे. 'कन्सेंट', 'हाउसहोल्ड', 'ॲडव्हान्स' यांना काय म्हणावं? कोशातले शब्द समोर आहेतच, गावात चालतील असे हवे आहेत.

लातूर

'परिचालन' यंत्रापाशी, वाहतुकीपाशी शोभतो. इथे 'कामकाज' पुरेसा आहे: 'संशोधन कामकाज समन्वयक'. 'संयोजक' मात्र करू नका. संयोजक माणसं एकत्र आणतो, म्हणून तो संमेलनाला असतो. समन्वयकाला वेगवेगळ्या गतीने चालणारी कामं जुळवायची असतात. समितीची मान्यता नोव्हेंबरच्या शेवटी आली आणि पाहणीची गावं बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणीकडची असली, तर तोवर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर पोचलेल्या असतात. यादीत नाव असतं आणि दाराला कुलूप. प्रस्ताव जूनमध्येच आत गेला पाहिजे हे ज्याला कळतं, तो समन्वयक.

'ऑपरेशन' हा शब्द जाहिरातीतच काय, प्रश्नावलीतही मोकळा सोडू नका. आपल्याकडे बाईला 'ऑपरेशन झालं का?' विचारलं की तिला कुटुंब नियोजनाचंच ऐकू येतं. सिझर झालेलं असेल तर ती 'सिझर' म्हणते, ऑपरेशन म्हणत नाही. गर्भाशय काढलेलं असेल तर 'पिशवी काढली' म्हणते. म्हणून तीन प्रश्न वेगळे हवेत. त्यातही 'पिशवी' या नामावर विसंबू नका, क्रियापद ऐका. 'पिशवी काढली' म्हणजे गर्भाशय काढलं, 'पिशवी धुतली' किंवा 'साफ केली' म्हणजे क्युरेटिंग, गर्भाशय आतून खरवडून साफ करणं, 'पिशवीला सूज' हे डॉक्टरांनी सांगितलेलं निदान. अन्वेषकाने नुसतं 'पिशवीचं ऑपरेशन' असं लिहून आणलं की कार्यालयात बसून त्याचा निवाडा करता येत नाही. पडताळा म्हणून पुढे पाळीचा प्रश्न ठेवा. पिशवी काढली असं उत्तर आहे आणि गेल्या महिन्यात पाळी आली असंही उत्तर आहे, तर तो फॉर्म त्याच दिवशी, गाव सोडायच्या आत पुन्हा विचारून घ्या. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. इतक्या गंभीर विषयाची आकडेवारी एका क्रियापदावर उभी असते.

जाता जाता 'उपकेंद्र'. धाराशिवला आणि लातूरला विद्यापीठांची उपकेंद्रं आहेत, महावितरणचं ३३ केव्हीचं उपकेंद्र असतं, आणि साधारण ५,००० लोकसंख्येमागे एक असतं ते आरोग्य उपकेंद्र. त्यावर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी लागली आहे. अन्वेषकांच्या पत्रात पूर्ण नाव आणि गाव लिहा, नाहीतर दोन गाड्या दोन ठिकाणी पोचतात.

परभणी

'कन्सेंट'साठी एक शब्द शोधण्याआधी चार शब्दांच्या चार जागा ठरवून घ्या. *मान्यता* देते नैतिकता समिती. *परवानगी* देतं कार्यालय, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी किंवा ग्रामपंचायत. *संमती* देते ती प्रौढ व्यक्ती, जिच्याशी बोलायचं आहे. *होकार* देतं मूल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि १२ ते १८ चा लेखी होकार घ्यायचा असतो, आणि पालकांची संमती वेगळी घ्यायचीच. मुलाच्या बाबतीत कोशात 'अनुमती' मिळेल, पण ते दहा वर्षांच्या लेकराला समजावता येत नाही. 'तू हो म्हणतोस का?' हे समजतं.

या जागा अदलाबदल झाल्या की काम बिघडतं. सरपंचांनी परवानगी दिली म्हणजे गावाची संमती झाली, अशी समजूत नव्या अन्वेषकांत फार असते. तशी ती होत नाही. सासूने संमती दिली म्हणजे सुनेचीही झाली, असंही नाही.

नांदेड

परभणीच्या ताईंशी पूर्ण सहमत. फक्त 'संमतीपत्र' या मथळ्याबद्दल सांगतो. मराठवाड्यात हा कागद दोन ठिकाणी ओळखीचा आहे: रस्त्यासाठी जमीन जाताना आणि दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी. अंगठा म्हणजे तर खरेदीखत. 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देतो' ही दस्ताची भाषा लोकांच्या कानात पक्की बसलेली आहे. संमतीपत्र तशाच वळणाने लिहिलं, 'लिहून देतो की माझी काही हरकत राहणार नाही' असं, तर 'कामून पाहिजे अंगठा?' हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. सहभागी माणसाचा हक्क सोडायला लावणारी भाषा संमतीपत्रात मुळात चालतच नाही.

दोन कागद वेगळे करा. पहिला 'माहितीपत्रक'. त्यावर सही नाही, तो वाचून दाखवायचा आणि त्यांच्याकडेच ठेवायचा. दुसरा संमतीचा, छोट्या वाक्यांत: 'मला वाचून दाखवलं. मला समजलं. मी बोलायला तयार आहे. मी मध्येच थांबू शकते.' यातल्या 'शकते'साठी बायकांचा आणि पुरुषांचा कागद वेगळा छापा. 'शकतो/शकते' अशी तिरकी रेघ वाचून दाखवताना अडखळायला होतं आणि विश्वास तिथेच ढळतो. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घ्याल तेव्हा साक्षीदार बाहेरचा हवा, अन्वेषकाच्या जोडीदाराची सही साक्ष म्हणून चालत नाही.

अंगठ्याआधी तीन गोष्टी त्यांच्याच तोंडून ऐका: कोण विचारायला आलंय, कशासाठी, आणि नाही म्हटलं तर काय होईल. गाडी तिसऱ्यावर अडते. 'नाही म्हटलं तर राशन बंद होईल' असं उत्तर आलं, तर सही घ्यायची नाही, पुन्हा समजावायचं. याच कारणासाठी 'लाभार्थी' हा शब्द प्रश्नावलीतून काढून टाका आणि 'यातून कुठल्याही यादीत नाव लागणार नाही' हे वाक्य घाला. लोकांच्या लेखी सर्व्हे म्हणजे योजना. आशाताईंना गाव दाखवायला सोबत जरूर घ्या, पण मुलाखतीला बसवू नका. त्या समोर असल्या की बाळंतपण कुठे झालं याचं उत्तर त्यांच्या तोंडाकडे बघून दिलं जातं.

बीड

'हाउसहोल्ड'ला 'कुटुंब' लिहाल तर म्हातारे बाबा फक्त बायकोबद्दल सांगतील. त्यांच्या बोलीत 'आमचं कुटुंब' म्हणजे तीच. 'घर' लिहाल तर इमारत मोजली जाईल. जनगणनेची कसोटी एका स्वयंपाकघराची आहे: जे एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकातलं जेवतात, ते एक. त्याला आपल्याकडे जुना नेमका शब्द आहे, 'चूल'. अन्वेषकांच्या यादीत 'कुटुंब (चूल)' असंच ठेवा.

प्रश्न विचारताना मात्र 'चूल' म्हणू नका. दोन कारणं आहेत. एक, गॅस आणि बाहेरची लाकडाची चूल अशा दोन चुली एकाच घरात असतात, आणि उत्तर 'दोन' येतं. दुसरं, 'चूल वेगळी का?' हे सुनेसमोर सासूला विचारणं म्हणजे भांडण उकरणं. 'सगळ्यांचा स्वयंपाक एकत्र होतो का?' एवढं पुरतं. राशन कार्डावर विसंबू नका. मुलं वेगळी झाली तरी कार्ड बरेचदा एकच राहतं.

खरी अडचण 'राहतात' या क्रियापदाची आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीत सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर असलेला माणूस घरातलाच धरतात. ऊसतोडीला दिवाळीच्या सुमारास गेलेला माणूस मार्च-एप्रिलला परततो. म्हणजे हंगाम लांबला की तो घरातला, की बाहेरचा, हे काही दिवसांच्या फरकाने ठरतं. 'इथे कोण कोण राहतं?' या प्रश्नाला एक आजी नातवांसकट सगळ्यांची नावं सांगते, दुसरी 'मी एकटीच' म्हणते, आणि दोघींचं खरं असतं. दोन प्रश्न करा: काल रात्री कोण कोण जेवलं? तोडीला कोण गेलंय, कधी गेलं, कधी येणार? सहा महिन्यांचा हिशेब कार्यालयात करा, दारात नको. आणि 'किती माणसं गेली?' याला 'एक कोयता' असं उत्तर आलं तर १ लिहू नका. कोयता म्हणजे जोडी, दोन माणसं. एकटा गेलेला 'अर्धा कोयता'. लेकरं त्यात मोजलेली नसतात, ती वेगळी विचारा.

विचारणा, छत्रपती संभाजीनगर

हे फार उपयोगी आहे. 'मागच्या १५ दिवसांत आजारी पडलात का?' यातल्या काळाबद्दलही कुणी सांगाल का? मसुद्यात 'पंधरवडा' आहे.

लातूर

'पंधरवडा' काढा. त्याला तिथीचा वास आहे, काही लोक अमावस्येपासून मोजतात. 'पंधरा दिवस'ही सैल आहे. मराठीत 'आठ दिवस' म्हणजे आठवडा, तसे 'पंधरा दिवस' म्हणजे दोन आठवडे, कधी चौदा, कधी 'असेच'. अन्वेषकाने निघतानाच तारीख काढून फॉर्मवर लिहावी आणि वार सांगून विचारावं. आठवणीला आठवडी बाजाराचा आधार चांगला मिळतो, पण तो आधारच. आज बाजाराचा दिवस असेल तरच 'मागचे दोन बाजार' म्हणजे नेमके १४ दिवस होतात. बाजार होऊन तीन दिवस झाले असतील तर त्याच्या आधीचा बाजार दहाच दिवसांवर येतो. वर्षभराच्या प्रश्नाला सण घ्या, पण जिल्हा बघून. येळवस (वेळ अमावस्या) लातूर-धाराशिवला चालेल, सगळ्या मराठवाड्यात नाही. पोळा सगळीकडे चालतो.

जालना

'ॲडव्हान्स'बद्दल कुणी बोललं नाही. 'उचल' लिहू नका. ती ऊसतोडीच्या मुकादमाने आधी दिलेली, कामाने फेडायची, आणि तिच्यात माणूस अडकतो. अन्वेषकाला प्रवासासाठी दिलेल्या पैशाला 'अग्रिम' ठीक. जिल्हा परिषदेच्या लेखा शाखेतला 'तसलमात' त्याहून नेमका आहे, कारण खर्चाची बिलं देऊन ती रक्कम 'समायोजित' करायची, म्हणजे तिचा हिशेब मिटवायचा, हे त्यात गृहीत असतं. पहिली तसलमात समायोजित होईपर्यंत दुसरी द्यायची नाही, हा नियम जाहिरातीसोबतच्या कामाच्या वर्णनात घाला. वर्षाअखेरीला उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) अडतं ते बहुतेक अशाच लोंबकळलेल्या रकमांमुळे. सहभागींना दिवस बुडाल्याबद्दल काही देणार असाल तर त्याला 'मानधन' किंवा 'मजुरी' म्हणू नका. 'वेळेची भरपाई' म्हणा, आणि रक्कम माहितीपत्रकात आधीच छापा.

हिंगोली

एक गोष्ट क्रमाची. हे शब्द समितीकडे अर्ज जाण्याआधी ठरले पाहिजेत. समिती मान्यता देते ती मराठी कागदालाही, फक्त इंग्रजीला नाही. मान्यतेनंतर 'कुटुंब'चं 'चूल' केलं तरी तो बदल पुन्हा समितीपुढे ठेवावा लागतो, आणि तोवर पाहणी थांबते.

फक्त उलट भाषांतरावर, म्हणजे मराठी प्रश्न पुन्हा इंग्रजीत नेऊन ताडण्यावर, भिस्त ठेवू नका. 'कुटुंब' शब्द कुणाकडूनही इंग्रजीत परत न्या, 'हाउसहोल्ड' नाहीतर 'फॅमिली' मिळेल, 'बायको' नाही, आणि चूक झाकलेली राहील. त्याऐवजी पाहणीत नसलेल्या एखाद्या शेजारच्या गावात आठ-दहा जणांना प्रश्न वाचून दाखवा आणि 'मी काय विचारलं, ते तुमच्या शब्दांत सांगा' म्हणा. त्यात बाया, म्हातारी माणसं, तांड्यावरचे लोक असू द्या. बंजारा तांड्यावर घरात गोरमाटी बोलली जाते, तिथे आपली मराठीही परकी पडते. मग प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि तारीख छापा, आणि जुन्या प्रती गाडीतून आधी काढून घ्या. एकाच गावात दोन आवृत्त्या भरल्या गेल्या, तर त्या गावची माहिती एकत्र जोडता येत नाही.