मदत हवी आहे: कंपनीत जायची फेलोशिप मिळाली, पण करारातलं एक कलम घशाखाली उतरत नाही

ढेकूळ

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांची वाचक, धागा पहिलाच. देश, विद्यापीठ, कंपनी यांपैकी काहीच सांगणार नाही. आमचं क्षेत्र इतकं लहान आहे की एक नाव घेतलं की उरलेली आपोआप कळतात.

मी विद्यापीठात शिकवते, नोकरी कायम आहे, संशोधन पावडरींवर. साठवलेल्या पावडरीची ढेकळं का होतात, हॉपरमधून (खाली निमुळत्या होत जाणाऱ्या टाकीतून) नीट वाहणारी पावडर मध्येच का अडून बसते, हा माझा विषय. माझ्या प्रयोगात पावडर असते दोनशे ग्रॅम, काचेच्या बरणीत, आर्द्रता मोजूनमापून दिलेली. मागच्या वर्षी एका कंपनीचा कारखाना बघायला गेले. दोन मजली स्टीलचा हॉपर, आणि त्याच्या निमुळत्या भागावर हात पोचेल तिथवर शेकडो खोलगट वळ. हे काय म्हणून विचारलं, तर ऑपरेटरने काही न बोलता खुंटीवरची हातोडी काढली आणि तीन ठोके घातले. आत काहीतरी धप्पकन कोसळलं आणि पावडर वाहायला लागली. मी ज्यावर पंधरा वर्षं पेपर लिहितेय त्यावरचा त्यांचा उपाय हा! परत येतानाच ठरवलं की इथे येऊन बसायचं.

म्हणून अर्ज केला, निवडही झाली. व्यवस्था अशी: निधी देणारी संस्था माझा मूळ पगार विद्यापीठाला देणार. मी अर्धा वेळ कंपनीत, अर्धा विद्यापीठात, अशी चार वर्षं. पूर्णवेळ गेले तर दोनच. नोकरी विद्यापीठाचीच राहते. कंपनी पगाराचा एक पैसा देत नाही; यंत्रं, माल, माणसं आणि ट्रायलसाठी वेळ देते. इथवर सगळं गोड.

आता तिघांमधला करार सह्यांसाठी आलाय. त्यात एक वाक्य आहे: "फेलोच्या कामातून निर्माण होणारे कोणतेही लिखाण, सादरीकरण अथवा भित्तिपत्रक कंपनीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय प्रसिद्ध करता येणार नाही." बस्स. किती दिवसांत उत्तर देणार, नाही म्हटलं तर कारण सांगणार का, कशाचाच पत्ता नाही. कंपनीतला माझा जोडीदार शास्त्रज्ञ म्हणतो, "अहो मॅडम, ती नुसती औपचारिकता आहे, आजवर कुणाला अडवलेलं नाही." माणूस भला आहे. पण उद्या त्याची बदली झाली तर?

दुसरी भानगड घरची. विभागप्रमुखांनी अभिनंदन केलं आणि पुढच्याच श्वासात विचारलं, "दुसऱ्या वर्षाचं थर्मोडायनॅमिक्स कोण घेणार?" आणि तिसरी, माझी एक विद्यार्थिनी. पीएचडीचं तिसरं वर्ष, कारखान्यातला डेटा मिळणार म्हणून ती माझ्याहून जास्त खूश आहे. तिला यात ओढू का?

सही करायला दोन आठवडे आहेत. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा. "अभिनंदन" नको, "सांभाळून" कुठे ते हवंय.

कलम_सात

सही करू नका. मी विद्यापीठाच्या बाजूने असे करार बारा वर्षं वाचतोय. हे कलम बहुधा कुणी मुद्दाम घातलेलं नसतं. कंपनीच्या वकिलाने कंत्राटी टेस्टिंग लॅबसाठीचा जुना मसुदा उघडला, नावं बदलली, पाठवला. टेस्टिंग लॅबचे पैसे कंपनी देते, म्हणून निकालही कंपनीचे. तिथे ते चालतं. तुमचा पगार तिसरीकडून येतोय आणि तो देणाऱ्याला बहुतेक वेळा प्रकाशनं हवीच असतात. तुमच्या फेलोशिपच्या अटी आधी काढून बघा. प्रकाशनाबद्दल एक ओळ जरी असली तरी वकिलाला तीच दाखवा, तुम्हाला भांडावंच लागणार नाही.

आता मुद्द्याचं. कंपनीला खरी भीती दोन गोष्टींची असते. पहिली पेटंटची, आणि ती रास्त आहे. युरोपात अर्ज दाखल होण्याआधी तुम्ही पोस्टर जरी लावलंत तरी नवेपणा गेला, पेटंट गेलं. अमेरिकेत स्वतःच्या प्रकाशनानंतर एक वर्षाची सवलत आहे, पण अनेक देशांत विकणारी कंपनी त्या भरवशावर बसणार नाही. मात्र अर्जाचा मसुदा करायला काही आठवडे लागतात, फार तर दोन-तीन महिने. म्हणजे कंपनीला हवी आहे ती सवड. कायमचा नकाराधिकार पेटंटसाठी लागतच नाही, हे असंच शब्दाला शब्द बोलून दाखवा.

दुसरी भीती गुपितांची: पावडरीत काय किती आहे, यंत्र कुठल्या वेगाने चालतं. ते त्यांनी तुमच्या मजकुरातून काढायला सांगावं, तो त्यांचा हक्क. पण त्यांचं गुपित काढायचं, तुमचा निष्कर्ष नाही. हा फरक कागदावर यायला हवा.

मी काय मागतो ते सांगतो. मजकूर पाठवल्यापासून ३० दिवसांत उत्तर, उत्तर नाही आलं तर होकार समजायचा. पेटंट करायचं असेल तर आणखी ६० दिवस, एकदाच. यावर कुठलीही शहाणी कंपनी बिथरत नाही. जी बिथरली तिचं खरं रूप सहीआधी कळलं, हा फायदाच म्हणायचा.

अजून एक, याकडे कुणी बघत नाही. पहिल्या दिवसाआधी तुमच्या जुन्या मालाची यादी करा: तुमचा कोड, तुमच्या चाचणी-उपकरणांचे आराखडे, आधीचा डेटा. तारीख घाला, कराराला जोडा. बॅकग्राउंड आयपी, म्हणजे आधीपासूनची बौद्धिक संपदा, ती हीच. यादी नसेल तर चार वर्षांनी "हे आधीपासून माझंच होतं" हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात. नमुना हवा असेल तर ब्रिटनमधले लॅम्बर्ट करारनामे बघा. विद्यापीठ आणि कंपनी यांच्यासाठीच केलेले आहेत, फुकट मिळतात, आणि हक्क कुणाकडे राहणार यानुसार त्यात वेगवेगळे मसुदे आहेत.

खोडरबर

पूर्वपरवानगीचा विषय निघालाच आहे म्हणून. गिनेस या बिअरवाल्या कंपनीने विल्यम गॉसेट नावाच्या आपल्या माणसाला १९०६-०७ मध्ये वर्षभरासाठी लंडनला संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत धाडलं होतं. म्हणजे तुमच्या फेलोशिपच्या उलट दिशेने. कंपनी नावानिशी छापू देत नव्हती, म्हणून १९०८ चा पेपर "स्टुडंट" या टोपणनावाने आला. आज आपण सगळे ज्या टी-टेस्टवर (मोजक्या नमुन्यांतला फरक खरा की योगायोग, ते तपासायची पद्धत) पोट भरतो ती यातूनच आली.

ढेकूळ

@खोडरबर, मस्त किस्सा, पण आमची बढती समिती टोपणनावाचे पेपर मोजत नाही हो.

@कलम_सात, साष्टांग नमस्कार. फेलोशिपच्या अटी काढल्या. "निष्कर्ष प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे" असं स्वच्छ लिहिलंय. मी हे पान अर्ज करताना वाचलंच नव्हतं.

परत_आलेला

मी तीन वर्षं असाच अर्धवेळ होतो. कराराचं वर सांगून झालंय, मी वहीचं सांगतो.

पहिल्याच दिवशी कंपनीने वही दिली. जाड पुठ्ठ्याची, शिवलेली, पानांवर छापील आकडे. दर पानाखाली माझी सही, तारीख, आणि साक्षीदार म्हणून दुसऱ्या कुणाची तरी सही. वही इमारतीबाहेर न्यायची नाही. विद्यापीठाची वही वेगळी, ती माझ्या पिशवीत. दोन्हींचा रंग निळा! एका संध्याकाळी कॅलिब्रेशनची नवी युक्ती सुचली. युक्ती माझीच, माझ्या जुन्या उपकरणाची, कंपनीच्या कामाशी संबंध नाही. समोर होती त्या वहीत आकृतीसकट चार पानं लिहून काढली. पान फाडता येत नाही, फोटो काढता येत नाही. सगळं परत विद्यापीठात बसून करण्यात तीन आठवडे गेले, तेही आता यावर हक्क कुणाचा ही धाकधूक घेऊन. त्यानंतर माझ्या वहीला लाल कव्हर घातलं.

विद्यार्थिनीबद्दल माझं मत: ओढू नका. निदान तिचा प्रबंध कंपनीच्या पावडरीवर टांगू नका. प्रबंध परीक्षकांसमोर जातो, ग्रंथालयात जातो, आणि तिच्याकडे तुमच्यासारखी कायम नोकरी नाही. तुमच्याच क्षेत्रात यावर उतारा आहे की. जेनिके शिअर सेलसाठी, म्हणजे पावडर सरकवायला किती जोर लागतो ते मोजणाऱ्या उपकरणासाठी, चुनखडीची प्रमाणित पावडर आहे, सीआरएम-११६. तिने पद्धत त्या पावडरीवर बसवावी, प्रबंध त्याचा. तीच पद्धत कंपनीच्या मालावर तुम्ही चालवा. पेपरमध्ये चुनखडीचे आकडे छापून येतील, कुणाचं गुपित फुटणार नाही.

खुर्चीत_अडकलेला

विभागप्रमुखाची बाजू मांडायला इथे कुणी नाही, म्हणून मी. तुमचा पगार फेलोशिपमधून आला की विद्यापीठाचे तेवढे पैसे वाचतात. ते वाचलेले पैसे विभागात येत नाहीत, मध्यवर्ती खात्यात जातात आणि तिथे विरघळतात. मग वर्ग घेतो कोण? शेजारच्या खोलीतला, ज्याला फेलोशिप मिळाली नाही तो. तुम्ही परत याल तेव्हा तो तुमच्याशी कसा बोलेल याचा विचार करा.

करार तिघांचा आहे ना? मग विद्यापीठाच्या बाजूने एक ओळ घालून घ्या, की सुटलेल्या पगारातून बदली शिक्षक नेमला जाईल. सही झाल्यावर हे कुणी ऐकत नाही, सहीआधी कुलसचिवसुद्धा फोन उचलतात. प्रमुखांना सोबत घेऊनच जा. ते तुमच्या विरोधात नाहीत, वैतागलेले आहेत.

भोंगा

कारखान्याकडून दोन शब्द. मंगळवार-गुरुवार कंपनीत, बाकी दिवस विद्यापीठात असली वाटणी करू नका. बॅच सुरू झाली की चार-पाच दिवस सलग चालते, बिघाड होतो तो बुधवारी रात्री, आणि तुम्ही तेव्हा वर्गात. सलग आठवडे घ्या, सहा इकडे, सहा तिकडे. ट्रायल मिळेल ती बहुधा रात्रपाळीत, आणि कळवतील आदल्या दुपारी. त्याची तयारी ठेवा.

हातोडीवाल्याला धरून ठेवा. कुठल्या ऋतूत, कितव्या तासाला, कुठल्या ठिकाणी ठोकायचं हे त्याला पाठ असतं आणि ते कुठल्याच लॉगशीटवर नसतं. फक्त पहिल्या दिवशी त्याला शिकवायला जाऊ नका की ठोकल्याने पावडर आणखी घट्ट बसते आणि आत आलेल्या पोच्यांनी वाट अडते. त्याला माहीत आहे. पाळी संपायच्या आत टाकी रिकामी करायची असते, एवढंच.

रिकामटेकडी

कायम नोकरी नसलेल्यांना असलं काही मिळतं का? पोस्टडॉकवाली (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधक) विचारतेय.

कलम_सात

@रिकामटेकडी, मिळतं. ढेकूळ यांच्यासारखा प्रकार, म्हणजे रॉयल सोसायटीच्या इंडस्ट्री फेलोशिपसारखा, कायम पदावरच्यांसाठी असतो. तुमच्यासाठी युरोपच्या मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपमध्ये शेवटी सहा महिन्यांपर्यंत बिगर-विद्यापीठीय ठिकाणी जायची सोय आहे. पण ती मूळ अर्जातच मागावी लागते, मागाहून सुचून उपयोग नाही. कॅनडात मायटॅक्स या संस्थेच्या इंटर्नशिप आहेत, चार ते सहा महिन्यांचा एक भाग, खर्चात कंपनीचाही वाटा. पीएचडीच्या पातळीवर फ्रान्समध्ये १९८१ पासून सिफ्र ही योजना आहे, तिथे विद्यार्थी तीन वर्षं कंपनीचा नोकरच असतो. सगळीकडे एकच प्रश्न आधी विचारा: नेमणूकपत्र कोण देतंय? रजा, विमा, शोधावरचा हक्क, सगळं बहुतेक वेळा त्याच्या मागे जातं.

ढेकूळ

उशिरा लिहितेय, माफ करा. प्रमुखांना घेऊन कुलसचिवांकडे गेले. बदली शिक्षकाची ओळ करारात आली, पण फक्त पहिल्या दोन वर्षांसाठी. प्रमुख म्हणाले, "एवढं निघालं हेच नशीब." विद्यार्थिनीशी बोलले. चुनखडी ऐकून तिचा चेहरा पडला, मग म्हणाली की कारखाना एकदा बघायला तरी न्या. नेणार आहे. लाल कव्हर आणलं.

कंपनीच्या वकीलबाईंना उद्या सकाळी हे पाठवतेय, एकदा नजर टाका: "फेलोने पाठवलेल्या मजकुरावर कंपनी वाजवी काळात अभिप्राय देईल. पेटंट अर्जासाठी आवश्यक असल्यास प्रकाशन जास्तीत जास्त ६० दिवस एकदाच पुढे ढकलता येईल. कंपनी केवळ स्वतःची गोपनीय माहिती वगळण्यास सांगू शकेल."

कलम_सात

"वाजवी काळात" खोडा. "३० दिवसांत, अन्यथा संमती गृहीत धरली जाईल" घाला. बाकी पाठवा.