मदरबोर्ड बदलला तर विंडोज ११ चं लायसन्स टिकतं का?

प्रश्न: असेम्बल्ड पीसीवर विंडोज ११ प्रो ॲक्टिव्हेटेड आहे. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलायचंय, एसएसडी तीच राहील. लायसन्स पुन्हा विकत घ्यावं लागेल का?

उत्तर १: रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड बदलल्याने सहसा काही बिघडत नाही. अडचण मदरबोर्डची, कारण डिजिटल लायसन्स हार्डवेअरच्या ओळखीला जोडलेलं असतं आणि त्यात मुख्य भाग बोर्डाचा. आधी प्रकार तपासा: कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एसएलएमजीआर /डीएलआय' (अर्थात इंग्रजी अक्षरांत) द्या. रिटेल (म्हणजे वेगळं विकत घेतलेलं) दिसलं तर नव्या बोर्डावर नेता येतं. ओईएम (म्हणजे पीसी उत्पादकांसाठीचं, एकाच पीसीला बांधलेलं) असेल तर ते जुन्या बोर्डाचंच; अपग्रेडसाठी नवं घ्यावं लागेल. बोर्ड बिघडला म्हणून उत्पादकाने वॉरंटीत बदलून दिला, तर गोष्ट वेगळी.

उत्तर २: रिटेल असेल तर पीसी उघडण्याआधीच सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशनमध्ये जाऊन लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडा. हे राहिलं की पुढे नुसती डोकेदुखी. नवा बोर्ड बसल्यावर तिथेच ट्रबलशूट, मग हार्डवेअर नुकतंच बदलल्याचा पर्याय, त्याच अकाउंटने साइन-इन आणि यादीतून हा पीसी निवडा. फ्रेश इन्स्टॉल केलंत तर प्रोच टाका; होमवर प्रोचं लायसन्स लागू होत नाही.

उत्तर ३: बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का तेही बघा! त्याची किल्ली जुन्या पीसीच्या टीपीएमशी (किल्ल्या सुरक्षित ठेवणाऱ्या यंत्रणेशी) बांधलेली असते. नवा बोर्ड लावताच ४८ अंकी रिकव्हरी की मागेल आणि ती नसेल तर डेटा गेलाच समजा. की कागदावर उतरवा, मग बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरतं बंद) करा, त्यानंतरच स्क्रूड्रायव्हर हातात घ्या.