ब्रूस लीवरील कोणता माहितीपट पाहावा?

प्रश्न
गेल्या महिन्याभरात ब्रूस लीवरचे तीन-चार माहितीपट पाहिले. २० जुलै १९७३ रोजी, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, हाँगकाँगमध्ये झालेला त्याचा मृत्यू आणि त्याभोवतीच्या वावड्या यांतच बहुतेकांचा निम्मा वेळ जातो. 'एंटर द ड्रॅगन' प्रदर्शित होण्याआधीच तो गेला याची चुटपुट मलाही आहे. परंतु मला पाहायचे आहे ते त्याचे काम, म्हणजे मारामारीचे दृश्य तो कसे बसवत असे ते. जाणकारांनी कृपया सुचवावे.

प्रतिसाद १
मग जॉन लिटल यांचा 'अ वॉरियर्स जर्नी' (२०००) पाहाच. १९७२मध्ये अर्धवट राहिलेला 'गेम ऑफ डेथ' पुढे १९७८मध्ये बदली नट घेऊन पुरा करण्यात आला आणि त्यात लीच्या अंत्ययात्रेची खरी दृश्येही घुसडली गेली, तो प्रकार विसरून जा. या माहितीपटाच्या उत्तरार्धात मूळ चित्रीकरण लीच्याच टिपणांबरहुकूम जोडलेले आहे. ७ फूट २ इंच उंचीच्या करीम अब्दुल-जब्बार या बास्केटबॉलपटूची लाथ बसल्यावर लीच्या पिवळ्या पोशाखावर, थेट छातीवर, बुटाचा भलामोठा ठसा उमटतो आणि तो तसाच मिरवत ली लढत राहतो. पूर्वार्ध मात्र भक्तिभावाने ओथंबलेला आहे. तो भरभर पुढे सरकवला तरी चालेल.

प्रतिसाद २
बाओ न्गुयेन यांचा 'बी वॉटर' (२०२०) मला अधिक प्रामाणिक वाटतो. बोलणाऱ्यांचे चेहरे बहुतांश वेळ दिसतच नाहीत. केवळ आवाज ऐकू येतात आणि पडदा जुन्या चित्रफितींना मोकळा राहतो. आशियाई नटाला नायक करण्यास हॉलिवूड का कचरत होते आणि लीला हाँगकाँगला का परतावे लागले, हा त्याचा खरा विषय आहे. आपल्याला हवे असलेले मारामारीचे तंत्र त्यात फारसे सापडणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. कॅनडाचे पत्रकार पिएर बर्टन यांनी १९७१मध्ये घेतलेली लीची कृष्णधवल मुलाखत मात्र स्वतंत्रपणे, सलग पाहावी.

प्रतिसाद ३
किंचित विषयांतर होईल, पण 'एंटर द ड्रॅगन'मध्ये लीच्या हातून मार खाणाऱ्यांत एक जॅकी चॅनही होता, म्हणून सुचवतो. मेबल च्युंग यांच्या 'ट्रेसेस ऑफ अ ड्रॅगन' (२००३) या माहितीपटात एकही उडी नाही की कोलांटी नाही. जॅकीचे वृद्ध वडील आपले मूळ आडनाव चॅन नव्हे तर फाँग असल्याचे, आणि चीनमध्ये मागे राहिलेल्या आपल्या पहिल्या संसारातील मुलांबद्दल सांगतात. इतका प्रसिद्ध मुलगा हे सारे प्रौढपणी ऐकतो आहे, हेच त्यातले नाट्य.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. काल 'अ वॉरियर्स जर्नी' पाहिला. करीमच्या पात्राला उजेड सोसत नाही हे हेरून ली खिडक्यांचे कागद फोडत सुटतो, तो भाग दोनदा पाहिला. ठसाही दिसला.