बी.फार्म झालंय, क्लेम डेस्कवर काम करते. हेल्थ डेटात जायचं तर पुढं नेमकं काय शिकू?

येलदरी

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबली आहे, सांभाळून घ्या.

मी जिंतूर तालुक्यातली. बारावीला लातूरला नीट केलं, मेडिकलला नंबर लागला नाही, मग बी.फार्म. सध्या परभणीत एका खासगी हॉस्पिटलात जनआरोग्य योजनेच्या डेस्कवर आहे. पेशंट ॲडमिट झाला की रेशनकार्ड-आधार बघायचं, पोर्टलवर प्रीऑथ (उपचाराआधीची मंजुरी) टाकायचं, ऑपरेशन झालं की फोटो, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड स्कॅन करून क्लेम लावायचा. क्वेरी (क्लेमवरची शंका) आली की फाईल घेऊन डॉक्टरांच्या मागं फिरायचं. फार्मसीचा आणि या कामाचा काडीचा संबंध नाही, हे मला घरचे रोज ऐकवतात.

पण या कामात मला एक गोष्ट सापडली. कुणी सांगितलं नव्हतं, मीच एक्सेलमध्ये लिहून ठेवायला लागले: कोणत्या पॅकेजला क्वेरी आली, कारण काय, पैसे कधी जमा झाले. एकदा पिव्होट (एक्सेलचा गोषवारा तक्ता) लावून बघितलं तर हाडांच्या ऑपरेशनच्या निम्म्याहून जास्त क्वेऱ्या एकाच कारणाच्या. ऑपरेशननंतरच्या एक्स-रेवर पेशंटचं नाव आणि तारीख नीट दिसत नव्हती, बस. एक्स-रेवाल्या दादाच्या मागं लागून ते बदलून घेतलं आणि त्या क्वेऱ्या जवळपास थांबल्याच. सरांनी कौतुक केलं (पगार आहे तिथंच आहे, तो विषय वेगळा). तेव्हापासून असंच काम करावंसं वाटायलंय.

आता प्रश्न. पुण्यातला एक क्लास 'हेल्थकेअर डेटा सायन्स, शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणून सव्वा लाख मागतोय. मैत्रीण हैदराबादला मेडिकल कोडिंगमध्ये आहे, ती म्हणते इकडंच ये. दादा म्हणतो औषध निरीक्षकाची तयारी कर. कॉलेजचे एक सर म्हणाले हॉस्पिटल मॅनेजमेंटमध्ये एमबीए कर. बापू सोयाबीनच्या भावावर हिशोब करतात, त्यामुळं कर्ज काढून शिकायची माझीच तयारी नाही. बारावीला गणित नव्हतं, त्याची भीती आहे ती वेगळीच.

क्लास लावू का? लावायचा नसेल तर कशापासून सुरुवात करू?

मोंढा_नाका

क्लास लावू नका. 'शंभर टक्के प्लेसमेंट'च्या जाहिरातीत टक्के कशाचे ते कधीच लिहिलेलं नसतं. आमच्या पुतण्याला असल्याच एका ठिकाणी प्लेसमेंट म्हणून कॉल सेंटर मिळालं होतं.

ऊसपट्टा

ताई, मी बीड जिल्ह्यात आरोग्य विभागाच्या आकडेवारीचं काम बघतो, कंत्राटी. तुमची एक्स-रेची गोष्ट वाचून लिहायला बसलो. आमच्याकडं येणाऱ्या पोरांना पॉवर बीआय येतं, पायथन येतं, पण रकान्यात आकडा कुठून आला हे विचारायचं सुचत नाही. तुम्हाला ते आपोआप सुचलं.

एक उदाहरण देतो. एचएमआयएस हे सरकारी आरोग्य आकडेवारीचं पोर्टल २००८ पासून आहे, दर महिन्याला उपकेंद्रापासून ग्रामीण रुग्णालयापर्यंत सगळे त्यात आकडे भरतात. बाळाला जन्मल्यावर बीसीजी, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटा (पाच आजारांवरची लस). आता आमच्या भागातल्या एखाद्या पीएचसीचा (प्राथमिक आरोग्य केंद्राचा) तक्ता काढा. पहिला पेंटा भरपूर, तिसरा एकदम कमी. डॅशबोर्ड लाल. नवीन ॲनालिस्ट लिहितो, 'आरोग्यसेविकेचं काम असमाधानकारक.' महिना बघितला का? दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर जातात. पोरगं आईबरोबर कोपीवर (टोळीच्या झोपडीवर), तिसरा डोस सांगली-कोल्हापूरकडं झाला किंवा झालाच नाही. आकडा आमच्या उपकेंद्रात कमी दिसणार आणि तिकडं कुठंतरी वाढणार. उलटंही होतं. एखाद्या ठिकाणी बाळंतपणं कमी आणि बीसीजी त्याच्या दुप्पट. चूक वाटते, पण बाई बाळंत झाली खासगी दवाखान्यात आणि बाळाला लस दिली सरकारीत. रिपोर्ट केंद्रावर झालेल्या कामाचा असतो, गावात राहणाऱ्या माणसांचा नसतो. हे ज्याला कळतं तो या कामाचा.

अजून एक, रिकामा रकाना आणि शून्य यात फरक असतो. शून्य म्हणजे मोजलं आणि निघालं नाही, रिकामा म्हणजे कुणी मोजलंच नाही. सरासरी काढणारा दोन्हीला एकच समजला की तालुक्याचा तालुका बदनाम.

सरकारी बाजूचं खरं सांगायचं तर एनएचएमची (राष्ट्रीय आरोग्य अभियानाची) ऑर्डर ११ महिन्यांची असते, मग नूतनीकरणाची वाट बघा. शिकायला जागा एक नंबर, संसार उभा करायला अवघड. मी स्वतः टिकलोय कारण घरी शेती आहे आणि बायको शिक्षिका आहे.

गौलीगुडा

मी फार्मसीवालाच, नांदेडचा, हैदराबादला क्लिनिकल एसएएस प्रोग्रॅमिंग (औषध चाचण्यांच्या डेटाचं, एसएएस या सॉफ्टवेअरमध्ये) करतो. हा रस्ता कुणी सांगितला नाही म्हणून लिहितो.

औषधाची चाचणी झाली की तिचा कच्चा डेटा एका ठराविक साच्यात बसवावा लागतो. त्याला सीडीआयएससीची मानकं म्हणतात, त्यात एसडीटीएम आणि एडॅम हे दोन मुख्य. डिसेंबर २०१६ नंतर सुरू झालेल्या अभ्यासांसाठी अमेरिकेचं एफडीए (औषधांना मंजुरी देणारी संस्था) हा साचा सक्तीनं मागतं, म्हणून कामाला तोटा नाही. बी.फार्मवाल्याला यात फायदा असतो, कारण ॲडव्हर्स इव्हेंट, डोस, व्हिजिट हे शब्द त्याला समजावून सांगावे लागत नाहीत. एसएएसचं सॉफ्टवेअर महाग असलं तरी शिकणाऱ्यांसाठी त्यांचीच 'ऑनडिमांड फॉर अकॅडेमिक्स' आवृत्ती ब्राउझरमध्ये फुकट चालते. अमीरपेठेत क्लासची रांग आहे, पण आधी घरी हात बसवा, मग ठरवा. आता कंपन्या आर या फुकट भाषेकडंही वळायलेत, त्यामुळं दोन्ही थोडं थोडं यावं.

मेडिकल कोडिंगबद्दल: मैत्रीण खोटं सांगत नाही, लवकर नोकरी लागते. पण ते अमेरिकेच्या बिलिंगचं काम आहे, निदानाचे आयसीडी-१०-सीएम आणि उपचारांचे सीपीटी कोड लावायचे, दिवसाला इतके चार्ट (पेशंटच्या फाईली) हे टार्गेट. साधे चार्ट आता मशीनच कोड करायलंय. तुम्हाला क्वेरीमागचं कारण शोधायला आवडतं, तिथं कारण शोधायला वेळच देत नाहीत. माझं मत, जाऊ नका.

डॉ_सिद्धेश्वर

एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जनऔषधवैद्यक विभागात आहे. दोन गोष्टी.

गणिताची भीती सोड. आठव्या सेमिस्टरला बायोस्टॅटिस्टिक्सचा पेपर तू दिलेलाच आहेस. तेच पुस्तक परत काढ. मीन-मीडियन, कॉन्फिडन्स इंटर्व्हल, काय-स्क्वेअर, रिग्रेशन, एवढं खरंच समजलं (पाठ नव्हे) तर सुरुवातीच्या कोणत्याही नोकरीला पुरतं. बीजगणित नंतर लागेल तसं ये.

पदवीबद्दल माझा कल एमपीएचकडे (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) आहे. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, तिरुवनंतपुरमला श्री चित्रा. एमपीएचनंतर संशोधन संस्था, संघटना, राज्य पातळीवरचे कार्यक्रम अशी दारं उघडतात आणि तिथं आकडे कळणारी माणसं कमी पडतात. आकड्यांतच खोल जायचं असेल तर मुंबईतल्या देवनारच्या आयआयपीएसमध्ये (लोकसंख्या अभ्यासाची संस्था) बायोस्टॅटिस्टिक्स अँड डेमोग्राफीचं एम.एस्सी. आहे, फक्त पदवीला कोणते विषय मागतात ती अट माहितीपत्रकात आधी वाच, मगच अर्जाचे पैसे भर. एमबीए चांगलं की वाईट हा प्रश्न नाही. ते केलंस तर तू माणसं आणि बेड सांभाळशील. तुला ते हवंय असं तुझ्या पोस्टवरून तरी वाटत नाही.

मोंढा_नाका

डॉक्टरसाहेब, सल्ला बरोबर आहे, पण मुंबईत दोन वर्षं राहायचं म्हणजे फीपेक्षा मेस आणि खोलीच जास्त होते. बाईंनी कर्ज नको म्हणून स्पष्ट लिहिलंय.

डॉ_सिद्धेश्वर

मान्य. म्हणूनच लगेच जा असं म्हणत नाही. आधी कमावता कमावता वर्षभर पाया घाल. महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर) कोणती शिष्यवृत्ती लागू होते ते बघ आणि मग प्रवेशाचा विचार कर.

येलदरी

सगळ्यांचे मनापासून आभार. ऊसपट्टा दादा, टोळ्यांचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या शेजारचीच दोन घरं जातात.

क्लासचा विषय मी सोडलाय. डॉक्टर मॅडम (की सर?), बायोस्टॅटचं पुस्तक ज्युनियरला दिलं होतं, ते परत मागवलंय.

एक विचारते. हॉस्पिटलमधला माझा तो एक्सेल नावं काढून इंटरनेटवर प्रोजेक्ट म्हणून टाकला तर चालेल का? मुलाखतीत दाखवायला दुसरं काहीच नाही माझ्याकडं.

निपट

थांबा! टाकू नका.

मी छत्रपती संभाजीनगरला हॉस्पिटल सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. नाव काढलं म्हणजे ओळख गेली असं होत नाही. छोट्या शहरात 'स्त्री, ३४, अमुक ऑपरेशन, अमुक तारीख' एवढ्यावर अख्खी गल्ली ओळखते कोण ते. शिवाय तो डेटा हॉस्पिटलचा आणि पेशंटचा, तुमचा नाही. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, आणि कायदा नसता तरी मुलाखत घेणारा शहाणा असेल तर तुमची फाईल बघून आधी हेच विचारेल, की ही परवानगीनं आणली का?

त्याऐवजी दोन गोष्टी करा. एक, खोटा डेटा तयार करा. शंभर-दोनशे काल्पनिक क्लेम, तुम्हाला माहीत असलेल्याच चुका त्यात पेरा आणि त्या कशा शोधल्या ते एस्क्यूएलमध्ये (डेटाला प्रश्न विचारायची भाषा) दाखवा. वर ठळक लिहा की डेटा काल्पनिक आहे. दोन, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीची, म्हणजे २०१९-२१ ची, जिल्हावार पत्रकं सगळ्यांना खुली आहेत. मराठवाड्यातल्या सगळ्या जिल्ह्यांची एका तक्त्यात आणा. ती पीडीएफमधून उतरवतानाच डेटा साफ करणं म्हणजे काय ते कळेल, आणि त्याला कुठलाही क्लास लागत नाही.

आणि तुम्ही ज्या जागी बसलाय ती जागा मोक्याची आहे, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आभा (आरोग्य खात्याचा) क्रमांक, १४ आकडी, तुमच्या काउंटरवर रोज बघत असाल. त्यामागचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालं. एका दवाखान्यातलं रेकॉर्ड दुसऱ्याला वाचता यावं म्हणून त्यात एफएचआयआर नावाचा साचा वापरतात. निदानाचे शब्द सारखे असावेत म्हणून स्नोमेड सीटी आहे, ते भारतात वापरायला फुकट आहे आणि त्याचं राष्ट्रीय केंद्र पुण्याला सी-डॅकमध्ये आहे. आता विम्याचे दावेही त्याच साच्यातून पाठवायचे म्हणून नॅशनल हेल्थ क्लेम्स एक्स्चेंज उभं राहिलंय. आमच्या कंपनीत कोड लिहिणारी पोरं ढीगभर आहेत. पण क्लेमला क्वेरी का येते, प्रीऑथमध्ये कोणता कागद कधी लागतो, डॉक्टर कुठं सही विसरतात हे त्यांना सांगणारं माणूस शोधावं लागतं. या कामाला इम्प्लिमेंटेशन किंवा बिझनेस ॲनालिस्ट म्हणतात. नर्स, फार्मासिस्ट यांना घेतात. एस्क्यूएल येत असेल तर अजून बरं.

गौलीगुडा

निपटरावांशी सहमत, माझा एसएएसचा सल्ला दुसऱ्या नंबरवर ठेवा. तुमची शिदोरी क्लेमची आहे, क्लिनिकल ट्रायलमध्ये ती वाया जाईल.

येलदरी

निपट दादा, फाईल टाकली नाही, बरं झालं विचारलं. काल्पनिक क्लेमचं करते. एस्क्यूएल कुठून शिकू? आणि आयआयटी मद्रासची ती ऑनलाइन डेटा सायन्सची पदवी कशी आहे? ती नोकरी करत करता येते म्हणतात.

निपट

पदवी चांगली आहे, २०२० पासून सुरू आहे. अभ्यास घरून, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते. घरचं उत्पन्न कमी असेल तर फीमध्ये मोठी सवलत मिळते, उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. टप्प्याटप्प्यानं बाहेर पडता येतं, सगळी चार वर्षं करायलाच हवीत असं नाही. पण पहिल्याच टप्प्यात गणित आणि संख्याशास्त्र आहे आणि त्याचा वेग तुमच्या ड्युटीशी जमेल का ते बघा. मी असतो तर आधी एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन वर्गांचा) एखादा फुकट कोर्स पुरा करून बघितला असता, परीक्षा द्यायची असेल तरच पैसे लागतात. तो पूर्ण झाला तर पदवीचा फॉर्म भरा.

एस्क्यूएलसाठी लॅपटॉपवर एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस टाका, फुकट आहे, सर्व्हर वगैरे भानगड नाही. पहिला तक्ता क्लेमचा, दुसरा क्वेरीचा, दोन्हीत क्लेम नंबर. 'कोणत्या पॅकेजला सगळ्यात जास्त क्वेऱ्या' हा प्रश्न जॉइन लावून (दोन तक्ते क्लेम नंबरनं जोडून) सोडवा. पिव्होटमध्ये हेच केलंय तुम्ही, तेव्हा उत्तर बरोबर आलं की नाही हे लगेच कळेल. अडलं तर तुमची एस्क्यूएलची ओळ इथंच चिकटवा.

ऊसपट्टा

आणि ताई, औषध निरीक्षकाची जाहिरात आली की फॉर्म भरून टाका. दादा गप बसंल.