पल्सर १५०: मागचा टायर १००/९० च ठेवू की १२०/८० टाकू?

चिपळूणकर_पोरगा: वडिलांची २०१६ ची पल्सर, ते हायवेने सावर्ड्याला जायचे. आता माझी नोकरी कोयनानगरला, म्हणजे रोज कुंभार्ली घाट. या पावसात मागचं चाक दोनदा सटकलं. मूळ टायर १००/९०-१७ (पहिला आकडा रुंदी, मिमीत). दुकानदार म्हणतो, १२०/८० टाका, पकड वाढेल, गाडी भरलेली दिसेल. कुणी टाकलाय का?

रायडर_सातारा: टाका बिनधास्त. कडक दिसते.

बॅगवाला_एमआर: दिसण्यासाठीच हवा असेल तर पुढचं वाचू नका.

औषधांची बॅग लावून १४ वर्षं कराड-पाटण-चिपळूण करतोय. हा उद्योग मीही केलाय. रिम तीच अरुंद, त्यात रुंद टायर कोंबला. कडा आवळल्या गेल्या नि टायर मधोमध फुगला. वळणावर गाडी आत घालायला जोर लागायचा, वर चेन कव्हरला घासायचा तो वेगळाच. अडीच हजार पाण्यात.

आता सटकण्याचं. गाडी मेन स्टँडला लावा नि टायर मागून बघा, बाजूने नको. मधला भाग पाटासारखा सपाट नि कडेची नक्षी कोरी असेल, तर तो सरळ रस्त्यावर झिजलाय. वडील हायवेने जायचे म्हणता ना? तोच टायर तुम्ही घाटात वाकवताय. गाडी कलली की सपाट भागाच्या काठावरून तो एकदम उतरतो, अंधारात पायरी चुकावी तसा. हेळवाकच्या अलीकडे माझी अशीच तंतरली होती.

मापाचाच घ्या, पण मऊ रबराचा. लवकर झिजतो, ओल्यात मात्र चिकटतो. टायरच्या बाजूवरचे तारखेचे चार आकडे वाचून घ्या: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. दुकानात जुना माल खपवतात. टायरवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला हवा. नवा टायर तुळतुळीत असतो, पहिले शे-दीडशे किलोमीटर घाटात जपून. आणि हवा चेन कव्हरवरच्या स्टिकरप्रमाणे. पंपावरचा पोरगा न विचारता ४० मारतो.

चिपळूणकर_पोरगा: रात्री मोबाइलच्या उजेडात बघितला. पाटच झालाय, चहाचा कप ठेवला तर हलणार नाही! आकडे ०९१८. पुढचा तर गाडीसोबत आलेला, पण नक्षी अजून चांगली आहे. तो ठेवू ना?

बॅगवाला_एमआर: नक्षीवर जाऊ नका. कडेला अंगठ्याने दाबून बघा, बारीक भेगा उघडतील. एवढ्या वर्षांत रबर कडक होतं, ओल्यात धरत नाही. उतारावर ब्रेकचा बहुतेक भार पुढच्याच चाकावर येतो. पैसे एकाच टायरचे असतील तर मी आधी पुढचा बदलेन नि मागचा होईपर्यंत एसटीने जाईन.