मोहफूल ‘तोडणे’ की ‘वेचणे’?

प्रश्न (कुरखेडा, जि. गडचिरोली)

परिसरातील झाडांवर निबंध लिहिताना आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने ‘उन्हाळ्यात लोक मोहाची फुले तोडतात’ असे वाक्य लिहिले. शेजारच्या मुलीने ते खोडून ‘वेचतात’ केले आणि वाद माझ्यापर्यंत आला. जास्वंद आपण तोडतो, मोगरा खुडतो, पारिजातक मात्र वेचतो, एवढे मलाही ठाऊक आहे. मोहाच्या बाबतीत ‘तोडणे’ सरळ चूक म्हणावे, की केवळ कमी रूढ? शिवाय मोहाच्या फळाला ‘टोळ’ म्हणावे की ‘टोरी’, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद (आरमोरी)

चूकच म्हणावे, कारण त्या वाक्यात झाडाचे वर्तनच चुकीचे सांगितले गेले आहे. मोह हा चिकूच्या कुळातील वृक्ष असून मार्च-एप्रिलमध्ये, पाने गळून गेलेली असताना, त्याच्या फांद्यांच्या टोकांना तपकिरी लव असलेल्या कळ्यांचे घोस लोंबू लागतात. फुले रात्री उमलतात आणि पहाटेपासून टपटप गळू लागतात. आपण ज्याला ‘मोहफूल’ म्हणतो ते मात्र संपूर्ण फूल नसते. गळतो तो फुलाचा गोड, मांसल पाकळ्यांचा पेला आणि त्याला आतून चिकटलेले पुंकेसर; बीजांडकोश देठासह फांदीवरच राहतो आणि पुढे त्याचेच फळ होते. ताजे मोहफूल हातात घेऊन पाहिल्यास त्याच्या बुडाशी आरपार भोक दिसते, ते याचमुळे. म्हणजे जमिनीवर पडलेली सगळी फुले वेचून नेली तरी त्या झाडाच्या फळात काहीही कमी होत नाही. उलट कोणी घोस तोडू लागला, तर जून-जुलैतील फळ आणि त्या फळातील तेलाचे बी तो आधीच गमावून बसेल. आमच्याकडील बाया पहाटे टोपली घेऊन ‘मोहा येचाले’ निघतात. ‘तोडाले’ निघालेली बाई मी ऐकलेली नाही.

जाता जाता सांगतो, ‘मोहपाश’ या शब्दातील मोहाशी या झाडाच्या नावाचा संबंध नाही. तो मोह ‘मुह्’ या धातूपासून आला, तर झाडाचे नाव संस्कृत ‘मधूक’, प्राकृत ‘महुअ’ या वाटेने आले. मोहाच्या दारूमुळे लोकांना दोन्ही एकच वाटतात, हा भाग वेगळा. दारूच्या गवगव्यात हे फूल वाळवून, भाजून, तिळाबरोबर कुटून टंचाईच्या दिवसांत खाल्ले जात असे, ही गोष्टही मागे पडली आहे.

प्रतिसाद (पांढरकवडा, जि. यवतमाळ)

वरील विवेचन पटले. तथापि त्यातून ‘वेचणे म्हणजे जमिनीवर पडलेले उचलणे’ असा अर्थ कोणी काढील, म्हणून हरकत नोंदवतो. आम्ही कापूस वेचतो, आणि तो झाडावरूनच वेचतो. जमिनीवर पडलेला कापूस कचरा लागल्यामुळे उलट वेगळा काढावा लागतो. तांदळातील खडेही वेचलेच जातात. मग या तिन्ही ठिकाणी एकच क्रियापद कशाच्या बळावर येते?

प्रतिसाद (आरमोरी)

हरकत रास्त आहे. ‘वेचणे’चा मूळ भाव एकेक निवडून उचलणे हा आहे आणि जमिनीची अट त्यात नाही. पण पिकांच्या आणि रानातील वस्तूंच्या बाबतीत त्यात आणखी एक छटा मला दिसते, ती म्हणजे झाडाने आपणहून मोकळे केलेले तेवढेच घेणे. कापसाचे बोंड उकलल्यावर आपण आतील कापूस घेतो आणि बोंडाचे कवच झाडावरच राहते. सगळी बोंडे एका दिवशी उकलत नाहीत, म्हणून पहिला वेचा, दुसरा वेचा असे म्हणावे लागते. मोहसुद्धा एका झाडाखाली दोन-तीन आठवडे रोज थोडा थोडा पडत राहतो, आणि रोज पहाटे तेथे जावे लागते, नाहीतर हरणे आणि अस्वले आधी पोहोचतात. फुले सहज दिसावीत म्हणून काही जण झाडाखालचा पालापाचोळा जाळतात आणि त्यातून रानाला वणवा लागतो. झाडून काढणे किंवा जाळी अंथरणे हे कष्टाचे असले तरी तेच योग्य.

याउलट तेंदूचे पान झाड सोडत नाही. झुडपे आधी छाटायची, नवे कोवळे पान आले की मे महिन्याच्या सुमारास ते हाताने तोडायचे आणि 70 पानांचा एकेक पुडा बांधायचा, ही रीत असल्यामुळे तेथे ‘पत्ता तोडणे’ हाच प्रयोग बरोबर आहे.

प्रतिसाद (वरुड, जि. अमरावती)

संत्र्याचेही तसेच. ते तोडल्यानंतर आंब्यासारखे पिकत नाही, म्हणून झाडावर तयार झाल्यावरच तोडतात. ‘संत्री वेचली’ असे आमच्याकडे म्हटले, तर वादळाने खाली पाडलेली संत्री गोळा केली, असाच अर्थ घेतला जाईल.

प्रतिसाद (देवरी, जि. गोंदिया)

टोळ आणि टोरी यांविषयी. झाडीबोलीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या बोलीत, ‘ळ’ नाही, त्याच्या जागी ‘र’ येतो. डोळा तेथे ‘डोरा’ होतो आणि काळा ‘कारा’. टोळीची टोरी याच नियमाने झाली. म्हणून प्रमाण मराठीतील निबंधात ‘टोळ’ किंवा ‘टोळी’ लिहावे, पण ‘टोरी’ लिहिणाऱ्या मुलाच्या वहीत लाल रेघ मारू नये. या फळातील बियांचे तेल थंडीत तुपासारखे थिजते. ते खाण्यात, दिव्यात आणि साबणात वापरले जाते. फळे पिकून पडली की वेचतात, काही वेळा फांद्या झोडूनही पाडतात, तेव्हा येथे दोन्ही क्रियापदे चालतील.

चारोळीच्या झाडाचे, म्हणजे ‘चारा’चे, मात्र मला कोडे पडते. काळे पडलेले पिके फळ वेचणे हा जुना प्रयोग आहे. पण चारोळीला भाव मिळू लागल्यापासून कच्ची फळे उतरवण्याची घाई होते आणि कित्येक ठिकाणी फांद्याच तोडून खाली आणल्या जातात. बी जमिनीवर पडत नाही, रोपे कमी उगवतात. तरीही परवा बाजारात एक जण मला ‘चार वेचून आणली’ असेच सांगत होता.